एका पंगतीचे संगीत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या धर्मग्रामाच्या सणानिमित्त सायंकाळी मंडपात करमणुकीचा कार्यक्रम झाला. त्यात दोन तरुणांनी आपल्या वादनाला 'फ्यूजन' असे नाव देऊन ते सादर केले. एक आमच्या गायकवृंदातील गिटारवादक, तर दुसरा शेजारच्या आळीतील भजनी मंडळात तबला वाजविणारा मुलगा. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून 'दोन संस्कृतींचा संगम' वगैरे गौरवाचे चार शब्द बोललो. कार्यक्रम संपल्यावर, उभे आयुष्य लग्नाच्या वरातीत कॉर्नेट वाजविण्यात घालविलेले गावातील वृद्ध बँडमास्तर आमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "फादर, पोरं गुणी आहेत दोन्ही. पण मंडप एक होता, पंगती दोन होत्या."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. संगम हा शब्द आम्ही व्यासपीठावरून किती सहजपणे वापरला होता! नद्यांना संगमासाठी काही करावे लागत नाही. उतार असला की त्या एकमेकींना मिळतात. माणसांचे तसे नसते. मग दोन संगीतपरंपरा खरोखर एका पंगतीला बसतात तेव्हा नेमके काय घडते? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर जगातील ज्या संगीताने असा मेळ सर्वाधिक वेळा घातला, त्या जॅझकडे गेले पाहिजे असे आम्हाला वाटले. येथे एक कबुली देणे भाग आहे. सेमिनरीत आमचे कान ग्रेगोरियन गायनावर आणि हार्मोनियमच्या सुरावर पोसले गेले. जॅझ म्हणजे हॉटेलातील नाचगाण्याचे संगीत, अशीच आमची बरीच वर्षे समजूत होती. ती समजूत दूर व्हायला काही मोजक्या ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकाव्या लागल्या. प्रस्तुत लेख म्हणजे त्या श्रवणाचा हिशेब होय.

जॅझ मुळातच मिश्र कुळातले आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या बंदरात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांना रविवारी एका मैदानात जमून नाचण्या-वाजविण्याची मोकळीक होती. १८१७ साली नगरपालिकेने अशा मेळाव्यांना एकाच जागेची मर्यादा घातली आणि काँगो स्क्वेअर म्हणून ते मैदान पुढे प्रसिद्ध झाले. त्याच शहरात फ्रेंच आणि स्पॅनिश वळणाची गाणी होती, लष्करी बँडची पितळी वाद्ये होती, चर्चमधील स्तोत्रे होती आणि समुद्रापलीकडच्या क्यूबातून येणारी हाबानेरा नावाची डोलणारी लय होती. डब्ल्यू. सी. हँडी यांच्या १९१४ सालच्या 'सेंट लुई ब्लूज' या विख्यात रचनेच्या एका भागात ही क्यूबन लय स्पष्ट ऐकू येते. तेव्हा निरनिराळ्या परंपरांचा मेळ ही जॅझने पुढे केव्हातरी केलेली हौस नव्हे. तो त्याचा जन्मच आहे. परंतु हेही विसरता कामा नये की, त्या जन्मामागे बेड्या होत्या. ज्यांच्या तालावर हे संगीत उभे राहिले, त्यांना त्या भूमीवर कोणी पंगतीला बोलाविले नव्हते. म्हणूनच जॅझमधील थोर कलावंत जेव्हा पुढे स्वेच्छेने दुसऱ्या परंपरेकडे वळले, तेव्हा त्यांनी ते कसे केले हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही.

पहिले उदाहरण डिझी गिलेस्पी आणि चानो पोझो यांचे. गिलेस्पी हे ट्रम्पेटवादक; बीबॉप नावाच्या, अतिशय वेगवान आणि स्वरबांधणीने गुंतागुंतीच्या जॅझशैलीचे एक जनक. पोझो हे हवानातील काँगा ढोलाचे वादक. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या धार्मिक गायन-वादनाच्या परंपरेत ते वाढले होते. क्यूबन संगीतकार मारिओ बाउसा यांनी दोघांची गाठ घालून दिली आणि सप्टेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पोझो गिलेस्पींच्या मोठ्या वाद्यवृंदात बसले. पोझोंना इंग्रजी येत नव्हते आणि गिलेस्पींना स्पॅनिश. पण भाषेपेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. आपल्या परिभाषेत सांगायचे तर सम कोठे आहे, यावरच दोघांचे एकमत होईना. क्यूबन संगीत क्लावे नावाच्या पाच आघातांच्या आकृतीवर उभे असते. ही आकृती दोन आवर्तनांत तीन आणि दोन अशी विभागलेली असते, आणि सारी वाद्ये तिला धरून चालतात. जॅझवादकाचा पाय मात्र चार सरळ मात्रांवर पडतो. एकाला जी सम वाटते, ती दुसऱ्याला अधांतरी वाटते. या घोटाळ्याची हकीकत गिलेस्पींनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे, आणि त्यावरचा उपायही. दौऱ्यावर असताना बसमध्ये पोझो एकेकाच्या हाती ढोल देत आणि वेगवेगळ्या लयी एकाच वेळी धरायला शिकवीत. बीबॉपचा नामांकित प्रवर्तक अशा रीतीने बसच्या बाकावर विद्यार्थी झाला.

या सहवासाचे फळ म्हणजे डिसेंबर १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली 'मान्तेका' ही रचना. तिची बांधणी लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. प्रथम डबल बेस आणि काँगा एक लहानशी आकृती घोळू लागतात. तिच्यावर सॅक्सोफोनचा एक थर चढतो, त्यावर ट्रम्पेटचा. स्वरबांधणी जवळजवळ हलत नाही. थरांवर थर चढत राहतात आणि त्यातून आवेग निर्माण होतो. ही पोझोंची रीत. मग एकाएकी सोळा मात्राखंडांचा मधला भाग येतो आणि दालन बदलते: कॉर्ड सरकू लागतात, चाल जॅझची होते, ट्रम्पेट खुलून बोलतो. हा भाग गिलेस्पींनी जोडला, कारण तो नसता तर रचना पूर्णपणे क्यूबन झाली असती असे त्यांचे मत होते. या ठिकाणी शिवण दिसते, असा आक्षेप घेता येईल. आम्हालाही ती दिसते. पण ती शिवण प्रामाणिक आहे. दोघांनीही आपले अर्धे घर दुसऱ्यासाठी मोकळे केले आहे, आणि कोणी कोणाचे सोंग घेतलेले नाही. शिवाय रचनाकार म्हणून पोझोंचे नाव गिलेस्पी आणि गिल फुलर यांच्या बरोबरीने छापले गेले. ढोल वाजविणारा हा केवळ साथीदार, असे कोणी म्हणाले नाही. जेमतेम एका वर्षाने, डिसेंबर १९४८ मध्ये, हार्लेममधील एका मद्यगृहात पोझोंचा खून झाला. पण लॅटिन अमेरिकेच्या लयीला जॅझमध्ये त्यांनी मिळवून दिलेली जागा कायम राहिली.

दुसरे उदाहरण जॉन कोल्ट्रेन यांचे. आणि ते आपल्या देशाशी संबंधित असल्याने अधिक कसोटीने तपासले पाहिजे. कोल्ट्रेन यांचे दोन्ही आजोबा कृष्णवर्णीयांच्या मेथडिस्ट पंथातील धर्मोपदेशक होते. १९५९ साली त्यांनी 'जायंट स्टेप्स' ही रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्यात कॉर्ड इतक्या झपाट्याने बदलतात की, वादकाच्या पायाखालची जमीन जणू दर पावलाला सरकते. पाश्चात्त्य स्वरबांधणीचे ते एक शिखरच मानले जाते. आणि हाच कलावंत ३ नोव्हेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये 'इंडिया' नावाची रचना वाजवितो तेव्हा ती सारी धावपळ थांबलेली असते. दोन डबल बेस एकाच आधारस्वराभोवती फिरत राहतात. आपल्याला तंबोऱ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. वर सोप्रानो सॅक्सोफोन सनईसारखा पुकारतो, एरिक डॉल्फी यांचा बेस क्लॅरिनेट त्याला खालून उत्तर देतो आणि एल्विन जोन्स यांचे ढोल या सर्वांखाली समुद्रासारखे खळबळत असतात.

हा राग आहे काय? नाही. यात आरोह-अवरोहाचे बंधन नाही, वादी-संवादीचा विचार नाही, तालाचे आवर्तन नाही. शास्त्रीय संगीताचा जाणकार येथे नाक मुरडील, आणि त्याच्या बाजूने ते योग्यही ठरेल. परंतु आमच्या मते प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला पाहिजे: दुसऱ्याला जागा देण्यासाठी या कलावंताने आपले काय सोडले? उत्तर स्पष्ट आहे. ज्या विद्येने त्याला मोठे केले, ती सरकत्या कॉर्डची विद्याच त्याने बाजूला ठेवली. शोभेसाठी एखादी सतार आणून मागे बसविणे किती सोपे होते! ते त्याने केले नाही. तरीही एक उणीव उरतेच. 'इंडिया' असे नाव दिलेल्या या पंगतीत भारतीय पान मांडलेले आहे, पण त्यावर बसलेला भारतीय कोणी नाही. कोल्ट्रेन यांना हे जाणवत असावे. त्यांनी पंडित रविशंकरांची भेट घेतली, त्यांच्याकडून काही धडे घेतले आणि १९६५ साली जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले. कोल्ट्रेन यांच्या वादनातील अस्वस्थतेने आपण व्यथित झालो, असे रविशंकरांनी सांगितले आहे. त्या अस्वस्थतेत एका दुःखी समाजाचा आक्रोशही होता, एवढेच आम्ही नम्रपणे म्हणू. सविस्तर शिक्षण मात्र राहूनच गेले. जुलै १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कोल्ट्रेन निवर्तले.

जी पंगत कोल्ट्रेन यांच्या बाबतीत कल्पनेतच राहिली, ती याच काळात लंडनमध्ये प्रत्यक्ष मांडली गेली होती. जो हॅरिएट हे जमैकाचे अल्टो सॅक्सोफोनवादक. किंग्स्टन येथे सिस्टर्स ऑफ मर्सी या संघाच्या भगिनींनी चालविलेल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये ते वाढले. त्या शाळेच्या बँडने जमैकाला किती वादक दिले याची मोजदाद कठीण आहे. जॉन मेयर हे कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातील व्हायोलिनवादक आणि रचनाकार. १९५२ साली शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गेले. या दोघांनी दहा वादकांचा दुहेरी संच उभा केला: पाच जण जॅझचे, तर दुसऱ्या पाचांत मेयर यांचे व्हायोलिन आणि बासरी यांच्या जोडीला सतार, तबला व तंबोरा. सतारीवर दिवाण मोतीहार होते आणि तबल्यावर मुंबईत जन्मलेले आपले केशव साठे. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंडो-जॅझ स्वीट' या ध्वनिमुद्रिकेत मेघ आणि गौड सारंग या रागांवर आधारलेल्या रचना आहेत. पुढच्या दोन वर्षांत 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' या नावाने आणखी दोन ध्वनिमुद्रिका आल्या.

या प्रयोगाविषयी आमच्या मनात आदर आहे, पण निःसंदिग्ध समाधान नाही. मेयर यांनी सर्व काही कागदावर नेटके बांधून दिले. जॅझवादकांना रागाचे ठरावीक स्वर दिले गेले आणि त्या मर्यादेत त्यांनी उपज करावी अशी अपेक्षा होती. पण राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे. ती चालण्याची रीत आहे. गौड सारंगासारख्या वक्र चालीच्या रागात तर स्वर तेच ठेवून सरळ धावत गेले की राग हातातून निसटतो. हा धोका या मुद्रिकेत सर्वत्र टळलेला नाही. पुष्कळ ठिकाणी सतार बोलून थांबते, मग सॅक्सोफोन बोलतो. सौजन्य आहे, संवाद थोडा कमी आहे. आणि येथे सर्वाधिक कोणी सोडले असेल तर ते हॅरिएट यांनी. १९६० च्या सुमारास पूर्णतः मुक्त जॅझचा युरोपातील एक आरंभ करणारा हा निर्भय वादक मोजक्या स्वरांच्या चौकटीत स्वतःला बांधून घेतो, आणि तरीही ज्या क्षणी त्याचा स्वर दाटून येतो त्या क्षणी चौकट उजळून निघते. पंगत मांडली होती, पाने दहा होती. वाढपी मात्र एकच होता, असे म्हणता येईल. हॅरिएट १९७३ साली हलाखीत आणि आजारात गेले. मेयर यांनी पुढे बर्मिंगहॅम येथे अध्यापन करून हे काम २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवले.

या पहिल्या मुद्रिकेत डबल बेस वाजविणारे रिक लेअर्ड पुढे १९७१ साली जॉन मॅकलॉफलिन यांच्या 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'त दाखल झाले. त्या धाग्याने आपण चौथ्या उदाहरणाकडे येतो. मॅकलॉफलिन हे इंग्लंडमधील यॉर्कशायरचे गिटारवादक. त्यांच्या या ऑर्केस्ट्राने विजेच्या गिटारच्या प्रचंड नादावर जगभर कीर्ती मिळविली. त्या कीर्तीच्या भरात त्यांनी वीज बंद केली आणि ते जमिनीवर मांडी घालून बसले. 'शक्ती' या संचात त्यांच्यासोबत व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर टी. एच. विनायकराम आणि सुरुवातीला मृदंगमवर रामनाड राघवन होते. ५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेत लाँग आयलंडवरील एका महाविद्यालयात झालेला त्यांचा कार्यक्रम पुढील वर्षी ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

मॅकलॉफलिन यांनी आधी डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले होते. त्यांच्यासाठी खास घडविलेल्या गिटारमध्ये दोन पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरले होते, म्हणजे तार दाबून मींड आणि गमक काढता यावी. शिवाय अंगावरून तिरप्या तरफेच्या तारा गेल्या होत्या. वाद्याच्याच देहात बदल करून घेणे ही साधी गोष्ट नव्हे. पहिल्या मुद्रिकेतील अठरा मिनिटांची 'जॉय' ही रचना ऐकताना गिटार आणि व्हायोलिन एकाच श्वासात धावतात. कोणी कोणाला साथ देत नाही, सारेच मुख्य असतात. याहून महत्त्वाची एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचे घटम-मृदंगम ही एकाच देशातील वाद्ये, पण त्यांच्या बोलांची भाषा वेगळी, हिशेब वेगळा, मैफली वेगळ्या. त्यांना रोजच्या सहवासात एकत्र बसविले ते एका परदेशी पाहुण्याच्या संचाने! घरातील दोन भावांमध्ये पाहुण्याच्या निमित्ताने बोलणे सुरू व्हावे, तसे हे झाले.

दोष नाहीत काय? आहेत. सवाल-जवाब कधीकधी शर्यतीच्या अंगावर जातात. वेग हेच साध्य वाटू लागते, आणि श्रोता थक्क होतो पण हलत नाही. जॅझची कॉर्डविद्या येथे इतकी मागे पडते की याला जॅझ का म्हणावे, असाही प्रश्न पडतो. आमचे उत्तर असे की, उपजेचे धाडस आणि एकमेकांचे ऐकून त्याच क्षणी उत्तर देण्याची सवय या दोन गोष्टी जॅझच्याच आहेत, आणि त्या शेवटपर्यंत टिकून राहिल्या. पुढे नव्या सदस्यांसह हा संच पुन्हा उभा राहिला, त्याच्या 'धिस मोमेंट' या मुद्रिकेला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन यांचे निधन झाले. माहीमच्या सेंट मायकल्स शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेला हा मुंबईकर वादक शेवटपर्यंत दुसऱ्याचे ऐकण्यात रमलेला दिसे.

आता आपल्या अंगणात येऊ. जॅझ ऐकण्यासाठी मुंबईने अमेरिकेला जाण्याची वाट पाहिली नव्हती. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला आणि त्यानंतर जे स्थानिक वादक या संगीताकडे ओढले गेले, त्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते. चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त्रींनी त्यांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकविले होते. स्वरलिपी त्यांना पाटीवरच्या अक्षरांसारखी वाचता येत होती. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वादन, असा त्यांचा क्रम असे. आल्दोन्याचे अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट आणि सी. रामचंद्र यांची चाल मिळून १९५१ च्या 'अलबेला'चे संगीत घडले, हे जाणकारांना माहीत आहे. रागदारीच्या वळणाची चाल घेऊन तिच्याभोवती हार्मनीची आणि जॅझच्या ठेक्याची वस्त्रे विणण्याचे काम हे वादक आणि संयोजक वर्षानुवर्षे करीत होते. मिश्रणाचा इतका दीर्घ, इतका रोजचा आणि इतका लोकप्रिय प्रयोग अन्यत्र क्वचितच झाला असेल.

आणि तरीही त्यांतील बहुतेकांची नावे पडद्यावर आली नाहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचे स्वप्न १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात जाहीर कार्यक्रमाने प्रत्यक्षात आणले. पण सामान्य रसिकांपर्यंत त्यांचे नाव पोहोचले ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेने, १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील एका विनोदी गाण्यातून. लोक ते नाव गुणगुणत राहिले आणि तो माणूस खरोखर होता याची अनेकांना कल्पनाही नव्हती. 'मान्तेका'वर पोझोंचे नाव छापले गेले, याचे मोल आम्हाला येथे कळले. पंगतीत बसविणे म्हणजे पान मांडणे खरेच. पण पाहुण्याला नावाने हाक मारणे हेही त्यात येते.

बँडमास्तरांच्या त्या वाक्यानंतर आम्ही कार्यक्रमाची छापील पत्रिका पुन्हा काढून पाहिली. गिटारवादकाचे नाव ठळक अक्षरांत होते. त्याखाली 'व साथीदार' एवढेच. पत्रिकेचा मसुदा आम्हीच तपासला होता. तबल्यावरच्या मुलाला सबंध वेळ एकाच ठेक्यात बांधून ठेवले होते. त्याचा कायदा नाही, रेला नाही, सम गाठण्याचा आनंद नाही. गिटारने आपले काहीच सोडले नव्हते, आणि त्याला तसे करायला आम्ही सांगितलेही नव्हते. पुढच्या वर्षी तो मुलगा आला नाही. आमच्या उपासनेत तबला-पेटी आली त्याला अर्धशतक उलटून गेले. पण वाद्य आत घेणे आणि वादकाला आत घेणे यांत अंतर आहे, हे शिकायला आम्हाला हार्लेम आणि हवाना फिरून यावे लागले.

गेल्या महिन्यात आम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन आलो. तो आता नोकरी करतो. भजनी मंडळात अजून वाजवितो. आम्ही क्षमा मागितली तेव्हा तो संकोचला आणि त्याच्या आईने चहा ठेवला. येत्या सणाला दोघे पुन्हा बसणार आहेत. या वेळी गाणे आधी ठरविलेले नाही. पहिले दोन महिने गिटारवादकाने भजनाला जाऊन नुसते ऐकायचे आणि हातावर मात्रा मोजायच्या, एवढे ठरले आहे. पत्रिकेत दोन नावे आहेत. ती एका ओळीत, एकाच टायपात छापायला सांगितली आहेत.